गडवा, गुंड, पानदान: १९५० ते १९७५ मधल्या धातूच्या घरगुती वस्तू कशा जमवाव्यात

दिवाळीच्या सफाईत माळ्यावरून भांडी खाली येतात आणि त्यातली निम्मी परत वर जात नाहीत. पितळेचा गुंड (पाणी भरायची घागर) मोडीत जातो, त्याच्या बदल्यात स्टीलची कोठी येते. कबाड्याकडे पोचलेलं भांडं जागा अडवू नये म्हणून ठोकून चपटं केलं जातं, आणि मग त्याचं गाव, घर, वय काहीच उरत नाही. हा लेख त्या ठोकण्याच्या आधी पोचू इच्छिणाऱ्यांसाठी आहे.

या काळातल्या घरगुती वस्तूंना जगभर संग्राहक आहेत. आर्ने जेकबसेन या डॅनिश वास्तुकाराने स्टेल्टन कंपनीसाठी घडवलेली स्टीलची सरळसोट गोल भांडी १९६७ मध्ये बाजारात आली आणि पुढे संग्रहालयांत जाऊन बसली. त्याच्या नऊ वर्षं आधी, १९५८ मध्ये, चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दांपत्याने भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. त्यात त्यांनी भारतातली सगळ्यात सुंदर वस्तू म्हणून आपला साधा तांब्या निवडला. हातात कसा बसतो, डोक्यावर आणि कमरेवर कसा तोलतो, भरल्यावर आणि रिकामा झाल्यावर त्याचा तोल कुठे जातो, पाणी कसं पडतं, हे सगळं त्यांनी त्यात विचारात घेतलं. त्याच अहवालातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. आपण वऱ्हाडात आणि झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, ज्याला गडवा म्हणतो, तो हाच.

## १. आधी विषय आवळा

सुरुवातीला दिसेल ते घेतलं जातं आणि सहा महिन्यांत खोली भंगाराने भरते. म्हणून एक धागा पकडा. पाण्याची भांडी (गडवा, गुंड, फिरकीचा तांब्या, पाणी तापवायचा बंब), पानाचं साहित्य (पानदान, अडकित्ता, चुन्याची डबी), उजेडाच्या वस्तू (कंदील, चिमणी, गॅसबत्ती), किंवा मापं (शेर, आठवा, पायली). पहिल्या वर्षी दहा वस्तू पुरेत, पण दहाही एकाच धाग्यातल्या हव्यात. एकाच तालुक्यातले पाच गडवे शेजारी ठेवले की मानेची उंची, पोटाचा घेर आणि बुडाची कड किती बदलते हे दिसायला लागतं. पाच वेगवेगळ्या वस्तू ठेवून ते कधीच दिसत नाही.

## २. सोबत काय असावं

- स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा, ५ किलो किंवा १० किलोचा
- लहान पण जोरदार लोहचुंबक
- दहापट मोठं दाखवणारं भिंग
- मोबाइलचा टॉर्च, शिवणाची टेप, सुती दोरा, जाड सुई
- पावती पुस्तक आणि शाईचं पेन
- गुंडाळायला धुतलेली जुनी सुती धोतरं

घरी एक प्लास्टिकची छोटी बादली लागेल. तिचं काम पुढच्या पायरीत.

## ३. धातू ओळखा

रंग बघून धातू सांगणारे बरेच भेटतील. त्यांच्यावर विसंबू नका, चार चाचण्या स्वतः करा.

चुंबक. पितळ, तांबं, कासं, ॲल्युमिनियम आणि जर्मन सिल्व्हर यांना चुंबक चिकटत नाही. "पितळेचा" दिवा चुंबक ओढत असेल तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा. मात्र स्टीलच्या बाबतीत चुंबक फसवतो. चांगलं स्टीलही चिकटत नाही आणि हलक्या प्रतीचं, निकेल वाचवून केलेलं स्टीलही चिकटत नाही. "चुंबक धरत नाही, म्हणजे अस्सल" हे वाक्य स्टीलला लावू नका.

ओरखडा. बुडाच्या कडेला आतल्या बाजूने, दिसणार नाही अशा जागी, सुईने तीळभर रेघ मारा आणि भिंगातून पाहा. खाली पिवळं दिसलं तर भरीव पितळ. पांढरट-करडं दिसलं तर जस्ताच्या ओतीव वस्तूवर चढवलेला मुलामा. मालकाची परवानगी घेतल्याशिवाय ही चाचणी करू नये.

आवाज. भांडं दोऱ्याने लटकवून बोटाच्या पेराने टिचकी मारा. काशाची वाटी बराच वेळ घुमते. आवाज लगेच मेला तर कुठेतरी तडा आहे. कासं ठिसूळ असतं, हातातून सुटलं की फुटतं, आणि फुटलेलं कासं पुन्हा सांधणं जवळपास अशक्य.

बादली. ही सगळ्यात भरवशाची. समजा ६२० ग्रॅमचा गडवा आहे. बादलीत तो पूर्ण बुडेल एवढं पाणी घ्या, बादली काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. आता गडवा दोऱ्याने धरून पाण्यात सोडा. तो पूर्ण बुडला पाहिजे, आत हवेचा बुडबुडा अडकता कामा नये, आणि तळाला किंवा बाजूला टेकता कामा नये. टेकला तर काट्यावर त्याचं वजनच येईल आणि हिशोब बिघडेल. काटा जो आकडा दाखवेल, समजा ७३, त्याने कोरड्या वजनाला भागा. ६२० भागिले ७३ म्हणजे साधारण ८.५. पितळ ८.४ ते ८.७ च्या आसपास येतं, तांबं ८.९, जस्ताची ओतीव वस्तू ७ च्या जवळ, ॲल्युमिनियम २.७. काशाचा आकडा पितळेच्या इतका जवळ असतो की ती दोन वेगळी करायला रंग आणि आवाजच कामाला येतात. पोकळ, बंद बुडाच्या समईला ही चाचणी चालत नाही, कारण आत काय भरलंय ते कळत नाही.

इथे शब्दांचा एक घोळ आहे. आपल्याकडे "जर्मनचा गंज" म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं. "जर्मन सिल्व्हर" मात्र तांबं, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू, आणि त्यात चांदी औषधालाही नसते. फोनवर कुणी "जर्मनचं पानदान" म्हणालं, तर चाळीस किलोमीटर गाडी काढण्याआधी ते वजनाला जड आहे की हलकं एवढं विचारून घ्या.

## ४. वय काढा

"आजीच्या आजीचं आहे" हे ऐकून घ्या, लिहूनही घ्या, पण पुरावा म्हणून वस्तूच वाचा. विदर्भातल्या वस्तूंना एक फायदा आहे. या भागाचं सरकारी नाव-गाव थोड्या वर्षांत अनेकदा बदललं, आणि ते भांड्यांवर उतरलं.

दुकानाच्या शिक्क्यात किंवा कोरलेल्या मजकुरात "सी.पी. अँड बेरार" (मध्य प्रांत आणि वऱ्हाड) असेल तर वस्तू बहुधा १९५० च्या आधीची. अमरावती किंवा नागपूरच्या नावापुढे "मध्यप्रदेश" असेल तर १९५० ते १९५६, कारण १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला. "मुंबई राज्य" असेल तर १ मे १९६० च्या आधीची. "जि. चांदा" हे साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत चाललं, नंतर जिल्ह्याचं नाव चंद्रपूर झालं (लोकांच्या तोंडी चांदा पुढेही राहिलं, म्हणून यावर एकट्यावर निकाल देऊ नका). "जि. गडचिरोली" असेल तर वस्तू १९८२ नंतरची, कारण जिल्हाच तेव्हा झाला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १९७२ नंतरची. "न.पै." (नये पैसे) मध्ये किंमत असेल तर १९५७ ते १९६४. शेर आणि छटाकातलं माप असेल तर बहुधा १९६० च्या आधीचं. आयएसआयचा शिक्का असेल तर १९५५ नंतरचं.

सगळ्यात बोलकी असतात ती आंदणाची आणि अहेराची अक्षरं: "सप्रेम भेट, ता. १२-५-६१". भिंगातून पाहिलं तर जुनं नाव छिन्नीच्या ठिपक्याठिपक्यांनी टाकलेलं दिसतं. प्रत्येक ठिपक्याची खोली थोडी वेगळी, आणि वर्षानुवर्षं राखेने घासल्यामुळे कडा गुळगुळीत. विजेच्या यंत्राने कोरलेली रेघ बारीक थरथरती आणि सलग असते. शके दिले असतील तर त्यात ७८ मिळवा: शके १८८३ म्हणजे १९६१. ही तारीख नाव टाकल्याची आहे, भांडं घडवल्याची नाही. घरातलाच जुना गुंड उजळून लेकीला दिला जात असे, त्यामुळे भांडं तारखेपेक्षा जुनं निघू शकतं.

नाव घासून काढलेलं भांडं शक्यतो घेऊ नका. व्यापारी ते "साफ" म्हणून विकतात, पण त्या वस्तूचा एकुलता एक कागद त्यात गेलेला असतो.

आता झीज पाहा. खरी झीज जिथे हात आणि जमीन लागते तिथेच होते: बुडाच्या कडेवर, कडीच्या भोकात, काठाच्या ओतायच्या बाजूला. फिरकीच्या तांब्याचे आटे एका बाजूने जास्त झिजलेले असतात. ठोक्याच्या कामाला आपल्याकडे मठार म्हणतात. हातच्या मठारात ठोक्यांच्या ओळी वळणावर दाटतात, सपाटीवर विरळ होतात. सगळे ठोके एका मापाचे, एका अंतरावर असतील तर ते साच्याचं काम. आणि नवं भांडं रसायनाने काळं-हिरवं केलं असेल तर तो रंग खळग्यांत आणि उंचवट्यांवर सारखाच बसतो. ओल्या फडक्याने पुसलं की फडकं हिरवं होतं.

## ५. कुठे आणि कधी शोधावं

भंडारा हे पितळी भांड्यांचं शहर म्हणूनच ओळखलं जातं. तिथल्या जुन्या कासारांना भांड्याचा काठ दाखवला तर घडणीबद्दल बरंच कळतं. मात्र खरेदीची जागा वेगळी आहे: तालुक्याच्या गावचा कबाडी, भांड्यांच्या दुकानातली मोडीची टोपली आणि आठवडी बाजार. कबाड्याला एकदाच सांगून ठेवा की अमुक वस्तू आली तर ठोकू नका, फोन करा, मोडीच्या भावापेक्षा जास्त देऊ. आणि मग फोन आला की जा. दोनदा गेला नाहीत तर तिसरा फोन येत नाही.

माल दोन वेळा जास्त निघतो. एक दसरा-दिवाळीच्या सफाईत. दुसरा लग्नसराईच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, जुनी भांडी मोडीत घालून नवी घेतात तेव्हा. तिसरी एक वेळ आहे, मृगाच्या आधीची. बियाणं-खताला पैसा हवा म्हणून घरातली भांडी निघतात. या दिवसांत घासाघीस करू नका. शक्य असेल तर भांडं ठेवून घ्या, पैसे द्या, आणि दिवाळीपर्यंत परत हवं असेल तर त्याच रकमेत परत देऊ असं पावतीवर लिहून द्या.

घरातून घेताना ज्या बाईचं ते आंदण आहे तिलाच विचारा. मुलगा किंवा सून "घेऊन जा" म्हणाली तरी आजी घरात असेल तर समोर बसून विचारा: "माय, हा गुंड कुठून आला? देऊ का नको वाटते?" नको म्हणाली तर फोटो काढायची परवानगी मागा आणि उठा. भांड्याची गोष्ट तिच्याचकडे असते, आणि ती गोष्ट नसलेला गुंड म्हणजे काही किलो पितळ.

## ६. भाव कसा ठरवावा

त्या दिवशीचा मोडीचा भाव दोन ठिकाणी विचारा. तो तुमचा तळ. त्याच्याखाली मागणं म्हणजे समोरच्याच्या अज्ञानाचा फायदा घेणं. वजन करताना लोखंडी कडी, बुडात साचलेली माती, आत चिकटलेला चुना वजा धरा. समई आणि मेणबत्तीच्या स्टँडच्या बुडात वजनासाठी कधी लाख किंवा शिसं भरलेलं असतं, तेही तपासा. तळाच्या वर किती द्यायचं हे चार गोष्टींवर ठरतं: नाव-तारीख आहे का, झाकण-कडी-फिरकी मूळची आहे का, डाग (सांध्याची झाळ) दिलेला किंवा तडा आहे का, आणि तुमच्या धाग्यात ते बसतं का. झाकण हरवलेलं पानदान अर्ध्या मोलाचंही नसतं, कारण जुळणारं झाकण मिळत नाही.

पावती प्रत्येक वेळी करा: वस्तू, धातू, वजन, रक्कम, तारीख, विकणाऱ्याचं नाव-गाव आणि सही. कबाड्याकडून घेतलं तरी.

## ७. काय घेऊ नये

देवळातली घंटा, समई, मूर्ती, देवाचे मुखवटे. कितीही स्वस्त असो, कुणीही आणून देवो. चोरीची वस्तू जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि गावच्या देवळातली वस्तू गाव ओळखतं.

रेल्वेचे हातकंदील आणि सिग्नलचे दिवे. जीआयपीआर, बीएनआर, सी.आर. अशी रेल्वेची आद्याक्षरं असलेले दिवे दिसायला फार देखणे, आणि शकुंतला या विदर्भातल्या अरुंद रुळांच्या गाडीच्या मार्गावरच्या गावांत असे दिवे कुणी दाखवतंच. रेल्वेच्या मालमत्तेसाठी १९६६ चा वेगळा कायदा आहे आणि त्यात वस्तू रीतसर मिळाली हे दाखवायची वेळ तुमच्यावर येते. लिलावाचा कागद नसेल तर हात लावू नका.

शेतात नांगरताना निघालेली भांडी. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेली १० रुपयांवरची मौल्यवान वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. शंभर वर्षं किंवा त्याहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. १९५० नंतरचा गडवा त्यात येत नाही, म्हणूनही वयाची नोंद पक्की ठेवा.

आणि "राइस पुलर". वीज पडलेल्या तांब्याच्या भांड्याकडे तांदूळ ओढला जातो, त्याला कोट्यवधी रुपये देणारी कंपनी आहे, फक्त तपासणीचे पैसे आधी भरा, असं सांगणारे लोक खेडोपाडी फिरतात. तांबं तांदूळ ओढत नाही. तांदळाला लोखंडाची भुकटी लावून आणि भांड्यात चुंबक लपवून हा खेळ करतात. तुम्ही जुनी भांडी घेता हे पंचक्रोशीत कळलं की ही माणसं तुमच्यापर्यंत येणारच. बोलणं वाढवू नका, पोलीस पाटलाला कळवा.

## ८. साफसफाई: कमी करा

नव्या संग्राहकाची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. घरी आणलं की चिंच, लिंबू, मीठ, विटेची पूड, आणि तासाभरात गडवा नव्यासारखा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट पदार्थ जास्त वेळ राहिला की वरच्या थरातलं जस्त निघून जातं आणि तांबं मागे उरतं, म्हणून पितळेवर गुलाबी चट्टे पडतात. ते पुसून जात नाहीत, थर खरवडूनच काढावे लागतात. बफिंगच्या चाकावर दिलं तर नाव, मठार आणि काठाची धार तिन्ही बोथट होतात.

कोमट पाणी, भांड्याचा साधा साबण किंवा रिठ्याचं पाणी, मऊ ब्रश. चिकट काजळी असेल तर खायचं तेल लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुसा. मग स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून, दोन तास उन्हात. चिंच वापरायचीच असेल तर बुडाला, दोन मिनिटं, आणि लगेच भरपूर पाणी. काळपट-तपकिरी झाक राहू द्या. लोणच्याच्या किंवा मिठाच्या भांड्यावर पुसूनही पुन्हा पुन्हा येणारी फिकट हिरवी पूड दिसली तर ते क्षारांचं काम आहे. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून रोज पाणी बदला, आठ-दहा दिवस, मग पूर्ण कोरडं करून इतर भांड्यांपासून वेगळं ठेवा.

कल्हईवाला मिळाला तर आधी आतला भाग जसा आहे तसा फोटो काढून घ्या. कल्हईसाठी भांडं कथील वितळेल इतकं, म्हणजे २३२ अंशांच्या वर तापवावं लागतं, आणि त्यात बाहेरची जुनी झाक जाते. कपाटात ठेवायच्या भांड्याला कल्हई लागत नाही. वापरायच्या भांड्याला लागतेच: कल्हई नसलेल्या पितळेत ताक, चिंचेचा सार किंवा अंबाडीची भाजी ठेवली की धातू अन्नात उतरतो. जुन्या डागात शिसं असू शकतं, म्हणून डाग दिलेलं भांडं स्वयंपाकाला घेऊ नका. पंपाचा स्टोव्ह आणि गॅसबत्ती शोभेलाच ठेवा, पेटवू नका. एवढ्या जुन्या टाकीचा सांधा दाबाखाली सुटतो. गॅसबत्तीच्या जुन्या जाळीत थोरियम असतं, ती फुंकर मारून झटकू नका, पिशवीत बंद करून काढा.

## ९. कुठे ठेवावं

गोठ्यात नको. गोठ्याला लागून असलेल्या खोलीत नको. युरियाच्या पोत्यांशेजारी तर मुळीच नको. ठोकून किंवा यंत्रावर ओढून घडवलेल्या पितळेत ताण दबलेला असतो. दमट हवेत अमोनिया मिळाला की त्या ताणाच्या रेषेवर पितळ आपोआप तडकतं. इंग्रजांच्या काळात भारतातल्या लष्करी छावण्यांत पावसाळ्यात हेच घडलं: घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेली पितळी काडतुसं तडकली, आणि कारण निघालं मुतातून सुटणारा अमोनिया. आपल्याकडे जुना गुंड नेमका गोठ्याच्या माळ्यावर टाकलेला असतो. म्हणून घेताना गळ्याशी, जिथे मान पोटाला मिळते तिथे, आतून टॉर्च लावून बाहेरून पाहा. केसाएवढी उजेडाची रेघ दिसली तर तो तडा आहे आणि तो पुढे वाढतो.

रबरबँड बांधू नका, त्यातल्या गंधकाने काळी रेघ उमटते. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेलं भांडं पावसाळ्यात आतून घाम धरतं. सुती कापडात सैल गुंडाळा, भांड्यात भांडं घालू नका, काशाची वाटी सगळ्यात खालच्या फळीवर ठेवा. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा उघडून पाहा.

## १०. नोंद

वस्तू आणली त्याच दिवशी वही भरा, दुसऱ्या दिवशी गाव आठवतं पण वाडा आठवत नाही. नमुना असा:

*क्र. ७. गडवा, पितळ. वजन ६२० ग्रॅम, बादलीचा आकडा ७३. बुडावर मठार, काठाला एक चेप. ठिपक्यांत नाव आणि ता. १२-५-६१. देणारीच्या सांगण्याप्रमाणे माहेरून आंदणात. आधी देवघरात, मग न्हाणीत, शेवटची वीस वर्षं माळ्यावर. गावात याला गडवाच म्हणतात.*

शेवटचं वाक्य गाळू नका. तीच वस्तू दोन तालुक्यांपलीकडे वेगळ्या नावाने ओळखली जाते. चार बाजूंनी, बुडाचा आणि आतला असे सहा फोटो घ्या. नावाचा फोटो तिरक्या उजेडात घ्या, सरळ उजेडात ठिपके वाचता येत नाहीत. कोरलेलं नाव हे कुणाच्या तरी घरचं आहे, इंटरनेटवर फोटो टाकताना ते झाका. क्रमांकाची पुठ्ठ्याची चिठ्ठी सुती दोऱ्याने मानेला बांधा. डिंकाची लेबलं भांड्यावर लावू नका, त्यांचा डाग राहतो.